अंतिम निकाल आणि बदललेला कायदा

खटल्याचा अंतिम निकाल लागला, अपिलाची मुदत संपली आणि नंतर कायदाच बदलला, तर तो निकाल पुन्हा उघडावा का, हा न्यायाइतकाच नीतीचाही प्रश्न आहे. निकाल अचूक असतो म्हणून त्याला अंतिम मानत नाहीत. भांडण कुठेतरी मिटावे म्हणून मानतात.

धर्मशास्त्राने ही गरज ओळखली होती. हरलेला वादी तोच दावा घेऊन आला, तर प्रतिवादीला ‘प्राङ्न्याय’, म्हणजे या वादाचा निवाडा आधीच झाला आहे, हे उत्तर देता येई. मात्र चुकीचा निवाडा राजाने पुन्हा तपासावा आणि न्यायसभेच्या सभासदांसह जिंकलेल्यालाही दंड करावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. तिथे दोष मूळ निवाड्यातच असतो. कायदा मागाहून बदलतो तेव्हा न्यायाधीशाने त्या वेळचा कायदा बरोबर लावलेला असू शकतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेतील १९७६ च्या दुरुस्तीनुसार, निकालामागचा कायद्याचा मुद्दा वरिष्ठ न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात फिरवला, एवढ्यावरून पुनर्विलोकन मिळत नाही. निकालावर विसंबून लोक जमिनी विकतात, घरे बांधतात. त्यांचा भरवसा मोडणे हाही अन्यायच.

वाटणीच्या दाव्यांत ही रेषा नेमकी दिसते. मुलींना जन्मतः समान हिस्सा देणाऱ्या २००५ च्या कायद्याने २० डिसेंबर २००४ पूर्वी पूर्ण झालेल्या वाटण्यांना हात लावला नाही. पण केवळ हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झाला असेल आणि अंतिम हुकूमनामा बाकी असेल, तर दावा चालूच असतो. अशा दाव्यात मुलींचे हिस्से नव्याने धरता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले.

बोरिवली तालुक्यातील पहाडी गावच्या एका भाडेपट्ट्याचा खटला वेगळा. बांधकामासाठी दिलेल्या मोकळ्या जमिनीला भाडेनियंत्रण कायदा लागू नाही, म्हणून प्रमाण भाड्याचा अर्ज फेटाळला गेला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात उलट अर्थ लावला. तेव्हा न्यायालयाच्या अधिकाराविषयीचा चुकीचा निर्णय पक्षकारांना कायमचा बांधत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये म्हटले.

फौजदारी शिक्षेत प्रश्न सर्वांत बोचरा होतो. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा न मानणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ वरील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचा आधार प्रलंबित खटल्यांत घेता येतो, पण संपलेले खटले त्याने उघडत नाहीत. वास्तविक इथे कोणाचा व्यवहार मोडत नाही. समोर फक्त राज्य असते. त्यामुळे अंतिमतेचा युक्तिवाद इथे सर्वांत दुबळा ठरतो. संविधानाच्या अनुच्छेद ७२ व १६१ मधील माफीचा अधिकार ही उणीव काही अंशी भरून काढतो. त्याने निकाल रद्द होत नाही, पण उरलेली शिक्षा थांबवता येते.