नको म्हणण्याचा अधिकार

श्रीगुरुचरित्रातला अकरावा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सप्ताहात वाचला जातो. कारंज्याला जन्मलेलं ते बाळ, ॐकाराखेरीज एक अक्षर बोलत नाही, आईबाप काळजीनं खंगतात, आणि मुंज लागताच मुखातून वेद बाहेर पडतात. मी वाचोपचार करते. सोप्या भाषेत, बोलण्यात अडचण असणाऱ्यांबरोबर काम करते. त्यांतले बरेच जण स्वमग्न, मतिमंद किंवा मेंदूचा पक्षाघात असलेले. पंचवीस वर्षांत किती आजोबांनी मला हा अध्याय सांगितला असेल, मोजदाद नाही. "आठव्या वर्षी मुंज करतोय ताई, तोवर थांबू का?"

थांबू नका, असंच सांगते. आधी कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर बोलणार कसं? आणि मुंज अवश्य करा, पण त्याच्या भरवशावर तीन-चार वर्षं घालवू नका. मी स्वतः वाडीला जाणारी आहे, गुरुवार पाळणारी आहे, त्यामुळे हे बोलताना सुरुवातीला जीभ अडखळायची. मग एकदा तोच अध्याय वाचताना एका गोष्टीवर थांबले. बाळ बोलत नव्हतं, पण सांगत होतं. मौंजी बांधा म्हणजे बोलेन, हे त्यानं हातानं खुणा करून सांगितलं, आणि आईबापांनी ती खूण ओळखली, मानली. आपण सारे त्या वेदांपाशी हात जोडतो. त्याआधीची ती खूण कुणाच्या लक्षात राहत नाही.

माझं काम बरंचसं त्या खुणेचं आहे. तोंडानं शब्द येत नसेल तर चित्रांचा फलक, कार्डं, आताशा मोबाइलवरची अ‍ॅपही. "चित्रं दिली की आळशी होईल, बोलायचाच नाही," ही घरोघरची भीती. तसं होत नाही, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलंय. उलट काहींना त्यातून शब्द फुटतात. सगळ्यांना नाही. हेही सांगावं लागतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आमच्या भागात एका दत्तभक्त घरात तिशी ओलांडलेला मुलगा आहे, स्वमग्न. एकही शब्द नाही. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे आरती, चाळीस-पन्नास माणसं, झांजा, घंटा, ढोलकी. आरती सुरू झाली की हा पुढेमागे झुलायचा, कानांवर हात दाबायचा, मोठ्यानं हुंकार द्यायचा. लोक म्हणायचे, महाराजांचा भाव येतो. काही जण पाया पडायचे. काकू मला अभिमानानं सांगायच्या, "आमचा दादा कधी कशाला नाही म्हणत नाही. संतच आहे."

तो नाही म्हणत नव्हता, कारण त्याच्याजवळ 'नाही' नव्हतं. मनगटावर मात्र चाव्यांचे जुने वळ होते.

मी त्याला 'नको'चं कार्ड शिकवायला घेतलं. कारल्याची भाजी पुढे करायची, त्यानं कार्ड हातात दिलं की तत्क्षणी ताट मागे घ्यायचं. यात एक नियम कडक असतो: दिलेला 'नको' मानायचाच, नाहीतर कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा. तीन आठवड्यांत जमलं. घरातले खूश. आणि एका गुरुवारी झांज वाजली तसा तो उठला, कार्ड घेऊन आला आणि आईच्या हातात ठेवलं.

काकूंनी मला रात्रीच फोन केला. रडत होत्या. "माझ्या मुलानं देवाला नको म्हटलं, ताई."

मी म्हटलं, देवाला नव्हे, आवाजाला. स्वमग्न माणसांपैकी पुष्कळांना असा गोंगाट अक्षरशः दुखतो. पण खरं सांगू? देवाला की आवाजाला, हे मला तरी खात्रीनं कुठं ठाऊक होतं? मीही त्याच्या वतीनंच बोलत होते, त्या पाया पडणाऱ्यांसारखीच. फक्त माझा अर्थ वेगळा. त्याच्या वतीनं सही करायला 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं पालक नेमता येतो. त्याच्या वतीनं भक्ती करायला कुणाला नेमायचं?

दोन-तीन रात्री मला झोप नव्हती. एका घरातला तीस वर्षांचा आनंद मी पुठ्ठ्याच्या तुकड्यानं मोडला होता. न शिकवता तर? घर सुखात राहिलं असतं, तोही राहिला असता, मनगट चावत. कुणाचं सुख कुणाच्या चाव्यावर उभं आहे हे एकदा दिसलं की न दिसल्यासारखं करता येत नाही, एवढंच मला उमगलं.

प्रत्येक 'नको' मानता येतो असंही नाही हो. दुसऱ्याच आठवड्यात दादानं आंघोळीला नको दिलं. मग फिटच्या गोळीलाही. तिथं मी 'आता की नंतर', 'गरम की कोमट' अशी कार्डं केली. गोळी चुकत नाही, पण पाण्याबरोबर की दुधाबरोबर हे तो ठरवतो. कुठला नकार मानायचा नि कुठला वळवायचा, याची रेघ अजून आम्हाला रोज नव्यानं ओढावी लागते. कधी चुकते.

आरतीला आता तो मागच्या पडवीत बसतो. सोबत त्याचा चुलतभाऊ. काही गुरुवारी सगळं शांत झाल्यावर आपणहून येतो, पादुकांपाशी उभा राहतो, गाल टेकवतो. काही गुरुवारी येत नाही. परवा तसाच एक गुरुवार गेला. काकू मला म्हणाल्या, "आज आला नाही. याचा दोष कुणाच्या माथी?"

"माझ्या घाला," मी म्हटलं.

"तुमच्या कशाला!" म्हणाल्या, आणि पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "ते राहू द्या. हे पेढ्याचं पार विरलंय बघा, दिवसातून चारदा देतो. जरा जाड कागदावर नवं करून द्या."