बधिर करणारा भार

इ. स. 55-56 च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने ‘कतनार्काओ’ हे ग्रीक क्रियापद तीनदा योजले असून, नव्या करारात ते अन्यत्र कोठेही येत नाही. ‘भार घालणे’ हा त्याचा रूढ अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण ‘बारोस’ म्हणजे वजन या शब्दापासून बनलेले ‘कताबारेओ’ हे क्रियापद पौलाला ठाऊक होते आणि काही ओळींनंतर तो ते वापरतोही. ‘नार्के’ म्हणजे बधिरता; विजेचा धक्का देणाऱ्या, पाकटासारख्या चपट्या माशालाही ग्रीकांनी हेच नाव दिले होते, आणि प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात सॉक्रेटिसाला याच माशाची उपमा दिलेली आहे. असे मासे अरबी समुद्रातही असल्याने, हात अचानक लुळा पडावा तसा हा भार असतो हे रेवदंड्याच्या कोळ्याला फोड करून सांगावे लागणार नाही. पौलाच्या जन्मप्रांताचा, किलिकियाचा, हा बोलीप्रयोग असल्याचे बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने नोंदवले आहे.

दुसऱ्याच्या जिवावर जगणारा उपदेशक यजमानाची ऐपतच नव्हे, तर त्याची संवेदनाही मारतो, हे या शब्दातून जितके उमगते तितके ‘ओझे’ या शब्दातून उमगत नाही. म्हणूनच पौल करिंथात तंबू शिवून राहिला. धर्म आणि हातचा धंदा यांचे हे साहचर्य रायगडच्या किनाऱ्यालाही परिचित आहे: तेलघाणा चालवणारे आणि शब्बाथ पाळून शनिवारी तो बंद ठेवणारे बेने इस्रायली ज्यू गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणूनच ओळखले गेले.

तरीही पौलाने मदत सरसकट नाकारली नव्हती. मासेदोनियातून आलेल्या बंधूंनी त्याची गरज भागवली, हे तो त्याच पत्रात मान्य करतो. करिंथातील धनिकांकडून घेणे म्हणजे त्यांच्या आश्रितांत जमा होणे, मराठीत ज्याला मिंधे होणे म्हणतात ते, अशी त्याची धारणा असावी. भार देणाऱ्यावर पडतो आणि मिंधेपण घेणाऱ्याला येते. पौलाला दोन्ही टाळायचे होते. पण दान नाकारले की दाता दुखावतो, आणि करिंथकर दुखावले होते. आपण त्यांच्यावर भार घातला नाही या ‘अपराधाची’ तो क्षमा मागतो, आणि लगेच तिसऱ्या भेटीची तयारी कळवताना तेच क्रियापद पुन्हा योजून सांगतो की त्याला त्यांचे धन नको, ते स्वतः हवे आहेत.