आधी त्याला भेट

प्रिय बाळ,


तुझं पत्र आणि सोबतचा, तुझ्या मित्राविरुद्धचा लेख, दोन्ही वाचले. तुम्हा दोघांत उभा राहिलेला प्रश्न खरा आहे. मैत्री टिकावी म्हणून श्रद्धेच्या बाबतीत गप्प बस, असं मी सांगणार नाही. पण लेख छापायला धाडण्याआधी संत जेरोम आणि रुफिनुस यांचं भांडण पुन्हा वाच. सेमिनरीत आपण त्यातली मतं पाठ करतो, माणसं राहून जातात.

दोघं रोममध्ये बरोबर शिकले, आक्विलेयाच्या तपस्वी मंडळीत बरोबर वावरले. पुढे रुफिनुस मेलानिया या तपस्विनीसोबत जेरुसलेमच्या जैतुनाच्या डोंगरावर राहिला, जेरोम तशाच तपस्विनी पाउलासोबत बेथलेहेमात. आधीच्या काळातल्या ओरिजेन या धर्मपंडिताला दोघंही मानत. जेरोमनं तर त्याची प्रवचनं लॅटिनमध्ये आणली होती. ३९३ साली ओरिजेनचा धिक्कार करा, अशी मागणी त्यांच्या दारी आली. जेरोमनं धिक्कार केला, रुफिनुसनं दार लावून घेतलं. आत्मा देहाच्या आधीपासून असतो का, सैतानाचाही शेवटी उद्धार होईल का, हे ओरिजेनच्या शिकवणीतून उठलेले प्रश्न लहान नव्हते. तरी बाजू कशा पडल्या ते बघ. ओरिजेनचे विरोधक, सायप्रसचे बिशप एपिफानियस यांचा जेरोमशी घरोबा; ओरिजेनच्या बाजूचे, जेरुसलेमचे बिशप योहान यांचा रुफिनुसशी. जो ज्याच्या जवळचा, तो त्याच्या मताचा झाला.

३९७ साली जेरुसलेमच्या पुनरुत्थान मंदिरात दोघांनी समेट केला. मग रुफिनुस इटलीला गेला आणि ओरिजेनच्या मुख्य ग्रंथाचं भाषांतर करताना त्यानं प्रस्तावनेत, नाव न घेता, जेरोमची स्तुती केली: आपण त्याच्याच वाटेनं चाललो आहोत, अशी. त्यामुळे जेरोमही ओरिजेनचा अनुयायी ठरतो, म्हणून रोममधले जेरोमचे मित्र खवळले. त्यांत पाम्माकियस होता, पाउलाचा जावई. जेरोमनं दोन पत्रं लिहिली. एक या मित्रांना, कडक, चारचौघांत फिरवण्याजोगं. दुसरं रुफिनुसला. त्यातही तक्रार होती, पण जुन्या मित्राशी बोलावं तशी. भांडण वाढू नये ही इच्छा त्यात उघड होती. कडक पत्र रोमभर फिरलं. सौम्य पत्र मित्रांनी दाबून ठेवलं. रुफिनुसला ते मिळालंच नाही.

बाळ, इथे थांब. समेट मोडण्यात ओरिजेनपेक्षा त्या न पोचलेल्या पत्राचा हात मोठा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे दोघांनी एकमेकांविरुद्ध ग्रंथ लिहिले. त्यातलं जेरोमचं उत्तर वाचून संत ऑगस्टिनला इतकं दुःख झालं की त्यानं जेरोमला तसं कळवलं. ४११च्या सुमारास रुफिनुस सिसिलीत वारला, तेव्हाही जेरोमनं त्याला विंचू म्हटलं. जेरोम आपला महान संत आहे, आणि हे त्याचं वागणं वाईट होतं.

भांडण चाललं असताना आक्विलेयाचे बिशप क्रोमातियस दोघांचेही मित्र राहिले. वाद थांबव, असं त्यांनी जेरोमला लिहिलं. जेरोमनं ऐकलं नाही. तुझ्या आसपास क्रोमातियस कोण आणि पाम्माकियस कोण, ते तूच ओळख. तुझा लेख वाचून ‘बरं झालं, चांगलं सुनावलंस’ म्हणणाऱ्यांच्या हाती तो देऊ नकोस.

येत्या आठवड्यात तुझ्या मित्राच्या धर्मग्रामात जा. लेख सोबत ने आणि त्याच्यासमोर बसून स्वतः वाचून दाखव. त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावरही छापावासा वाटला, तर छाप. मी अडवणार नाही.

तुझा,
जुना गुरुजी