कच्चे मडके, बंद दार

हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापुरात बसून कोणी ड्रॅगन, शापित राजवंश आणि सात चंद्रांचे आकाश असलेली कादंबरी लिहिली, तर ती कोणाकडे द्यायची हा प्रश्न त्याला मराठीत फारसा पडत नाही. हस्तलिखित थेट प्रकाशकाला पाठवायचे आणि उत्तराची वाट पाहायची, हीच आपली रीत. तीच कादंबरी इंग्रजीतून जगापुढे न्यायची म्हटली, की मध्ये साहित्यिक एजंट उभा राहतो. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ए. पी. वॉट यांनी हा व्यवसाय रुजवला. आज तो साधारण 15 टक्के दलालीवर चालतो. एजंटाला पाठवायचे एक पानी पत्र लिहिताना नव्या लेखकाची झोप उडते. ही धास्ती व्यवहाराची वाटते, पण तिच्या मुळाशी एक जुना धार्मिक प्रश्न आहे. ज्याचे आपल्या देवाशी थेट बोलणे आहे, त्याला मध्यस्थ कशाला हवा?

या प्रश्नाचे सर्वांत खणखणीत उत्तर याच हिंगोली जिल्ह्यातले आहे. नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. काही अभ्यासक पंढरपूरचा पक्ष घेतात, तो वाद इथे बाजूला ठेवू. परंपरा सांगते की विठ्ठल नामदेवांच्या हातचा नैवेद्य खात असे, त्यांच्याशी बोलत असे. अशा माणसाला संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका कुंभारांनी थापटण्याने डोक्यावर थोपटले आणि हे मडके कच्चे आहे असा निर्वाळा दिला. इतरांनी थापटी निमूट सोसली, नामदेव मात्र चिडले. पण कुंभाराला शांतता नको असते, त्याला आवाज ऐकायचा असतो. भाजलेले मडके टिचकी मारली की खणकन वाजते, कच्चे बद्द वाजते. नामदेवांच्या चिडण्यात गोरोबांना तो बद्द आवाज ऐकू आला. देव माझा आहे, मग मला तपासणारे तुम्ही कोण, असा त्या रागाचा सूर होता. माझ्या मनातल्या जगाशी माझे थेट नाते आहे, ते परक्या माणसाने एका पानावरून का जोखावे, हा लेखकाचा त्रागा त्याच मातीचा आहे. थेट नाते खरे असू शकते, नामदेवांचेही खरेच होते. तरीही माती खरी असणे आणि मडके भाजलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढची गोष्ट औंढा नागनाथला घडते. नामदेवांचे गुरू होणारे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी पाय काढा म्हटल्यावर ते म्हणतात, जिथे शिव नाही तिथे तूच ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड उगवते. विसोबांनी शिष्याला स्वतःपाशी अडकवून ठेवले नाही, एकाच गाभाऱ्यात देव शोधण्याची त्याची सवय तेवढी मोडली. हे विसोबा कोण होते, तेही पाहण्यासारखे आहे. मुक्ताबाईला मांडे भाजायला कुंभाराकडून खापर मिळू नये म्हणून आडवे आलेले विसोबा ते हेच, अशी कथा आहे. ज्याने एकेकाळी मडके अडवले, तोच पुढे कच्चे मडके भाजतो. नाकारणारा आणि घडवणारा या दोन वेगळ्या जाती नाहीत, हे एवढ्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी कथा मला तरी आठवत नाही. आधुनिक काळात असे काम दलालीविना करणारी माणसे याच भागाने पाहिली. नांदेडचे नरहर कुरुंदकर यांनी रणजित देसाईंना लिहिलेले दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून लागले. त्यात स्तुतीपेक्षा तपासणी अधिक आहे, आणि ते कादंबरीच्या आधी छापायचा मोठेपणा लेखकाने दाखवला.

यावर कोणी म्हणेल, गुरू आणि दलाल यांची तुलनाच चुकीची, गुरू टक्केवारी घेत नाही. खरे तर टक्केवारी हीच त्या नात्यातली स्वच्छ गोष्ट आहे. लेखकाला मिळाले तरच एजंटाला मिळते. आधी पैसे मागणारा एजंट नव्हेच.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. यशस्वी झालेल्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत येतात. रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरला डझनभर प्रकाशकांनी परत पाठवले, अमीश त्रिपाठींची ‘मेलुहा’ अनेकांनी नाकारल्यावर 2010 मध्ये त्यांच्या एजंटानेच काढली, हे दाखले धीर देतात, सिद्ध काही करत नाहीत. ज्यांच्या वह्या तुकोबांच्या वह्यांसारख्या इंद्रायणीतून वर आल्या नाहीत त्यांची गाथा आपण वाचलेलीच नाही. हे मान्य करावेच लागते. मग त्याच न्यायाने स्वीकार हाही गुणवत्तेचा पुरावा ठरत नाही आणि नकार हा दोषाचा. नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ती 1604 च्या संकलनात आली, तेव्हा नामदेवांना जाऊन अडीचशे वर्षे उलटली होती. आयुष्यात आलेल्या होकार-नकारांनी त्या पदांचे वजन ठरले नाही. एजंटाकडून मिळणारे उत्तर ‘भाजले आहे का’ एवढ्याच प्रश्नाचे असू शकते, तेही तो नीट ऐकत असेल तर. ‘जग घेईल का’ हे सांगणारा कुंभार कुठेच नाही, आणि लेखकाची निम्मी भीती त्याच प्रश्नाची असते.

पण प्रत्येक नकार गोरोबांचा नसतो. पंढरपुरात विठ्ठल मंदिराचे बडवेही होते. त्यांनी दार राखले, मडके कधी वाजवून पाहिले नाही. त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवायला 1973 चा कायदा आणि 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. दलितांसाठी ते दार उघडायला 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. तिथे कितीही भाजून घेतले असते तरी उपयोग नव्हता. गावाचे नाव, इंग्रजीचा लहेजा, महानगरातली ओळख यांवर पत्र बाजूला पडत असेल, तर तो नकार या दाराचा आहे आणि त्याला थापटीचा मान देण्याचे कारण नाही. दोन्ही नकार छापील दोन ओळींत सारखेच दिसतात, ही खरी अडचण. त्यांतला फरक ओळखायला लेखकाला आपल्याच मडक्याचा आवाज आधी ठाऊक असावा लागतो.

चोखोबांना ते दार जिवंतपणी उघडले नाही. मंगळवेढ्याला गावकूस कोसळून ते गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधायला नामदेव गेले असे सांगतात. ढिगाऱ्यातले एकेक हाड उचलून त्यांनी कानाशी धरले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे, असे ओळखून त्यांनी त्या अस्थी महाद्वारासमोर आणून ठेवल्या. एकेकाळी थापटीने चिडलेला माणूस इथे स्वतः कान लावून ऐकतो आहे. नामदेवांची स्वतःची पायरीही त्याच दाराशी, बाहेरच आहे.