बार भरताना

पाप चाप ओढणाऱ्याचं की बार भरणाऱ्याचं, यावर आमच्या पडवीत पुष्कळ वाद झालेत. शेजारचे माळकरी काका म्हणायचे, "चाप ओढील त्याचं." मला ते कधी पटलं नाही.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना बऱ्याच घरांत असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला ठासणीची बंदूक देण्याची तरतूदच आहे. आमच्याकडे मात्र बारा बोअरची एकनळी होती. बारा बोअर म्हणजे, नळीत बरोबर बसतील असे शिशाचे बारा गोळे मिळून एक रत्तल. तिची काडतुसं पितळेची, आणि पितळेचं काडतूस उडालं म्हणून कोणी टाकत नाही. भात पोटरीत आलं की आमचे अण्णा पुंगळ्या घेऊन बसायचे. आधी त्या गरम पाण्यानं धुवायच्या, कारण काळ्या दारूची राख ओल धरते आणि धातू खाते. तोंड कडक होऊन चिरेलसं वाटलं तर तापवून मऊ करायचं. लोहार कोयता तापवून पाण्यात घालतो तो कडक व्हावा म्हणून. पितळ तसंच पाण्यात घातलं तरी मऊच राहतं. मग नवी टोपी, दारू, पुठ्ठ्याची चकती. आणि इथं अण्णांचा हात थांबायचा. चकतीवर छर्रे घालायचे की नाहीत?

छर्रे नसले तर नुसता आवाज आणि धूर. वानरं पळतात, डुकरंही पळतात. छर्रे घातले की तेच काडतूस जीव घेणारं. रात्री शेतात डुक्कर समोर आलं की माणूस विचार करत बसत नाही, बंदूक खांद्याला लावतो आणि जे भरलंय ते उडतं. विचार व्हायचा तो घरात, कंदिलाच्या उजेडात, पोट भरलेलं असताना. म्हणून चाप ओढणाऱ्याला एकट्याला धरू नये असं माझं म्हणणं.

काही जण मधली वाट काढतात. छर्रे घालायचे, पण दारू कमी घालायची. "मरायला नको, अद्दल घडूदे." मला ही सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. डुक्कर जखम घेऊन जाळीत शिरतं आणि चार दिवस कुजत मरतं. वर भरणारा सांगत फिरतो, मी दया केली! दया करायची तर छर्रे डब्यात राहूदेत की.

पण डुक्कर काही मूर्ख नाही. दोन-चार रात्री नुसते बार काढले की त्याला कळतं, हा आवाज चावत नाही. मग एका रात्रीत कळप अख्खा कुणगा आडवा करतो; खाणं थोडं, तुडवणं जास्त. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय मारता येत नाही, आणि कागद हलेपर्यंत कापणी येते. ज्याचं वर्षाचं भात असं गेलं, त्याला पाप-पुण्य सांगायला मी जात नाही.

आता मुलगा दुकानातून तयार काडतुसं आणतो. प्लॅस्टिकची, तोंड बंद. छर्रे घालायचे हे कारखान्यात कोणीतरी आधीच ठरवलेलं, ज्यानं आमचं शेत पाहिलं नाही आणि डुक्करही. मुलगा म्हणतो, "वेळ वाचतो, बाबा." वाचतो खरा. मी त्याला म्हटलं, असूदे ती कपाटात, आधी सुतळी बॉम्ब लावून बघ.

आठवडाभर डुकरं बिचकली. आठव्या रात्री परत आली.