सौंदर्यदर्शनाचा अधिकार

प्रवासाचे सुख दोनदा भोगावयास मिळते. एकदा नकाशापुढे बसून आणि एकदा प्रत्यक्ष वाटेवर. यांपैकी पहिले सुख सर्वस्वी निर्दोष होय असे सामान्यतः मानले जाते, कारण त्यात कोणाचे काही खर्ची पडत नाही. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, प्रवासातील बहुतेक नैतिक प्रश्नांचा निकाल घरी, आखणीच्या वेळीच लागलेला असतो. कोणत्या ऋतूत जावयाचे, कोणत्या वाहनाने, दिवसा की रात्री, हे एकदा ठरले म्हणजे आपल्या जाण्याने तेथील सृष्टीचे काय होणार हेही बव्हंशी ठरून जाते.

उदाहरणाकरिता आमच्या एका स्नेह्यांचा बेत घेऊ. त्यांच्यापाशी एम. जी. टी. सी. जातीची एक जुनी मोटार आहे. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात तयार झालेली ही गाडी दोन माणसांपुरती, उघड्या टपाची आणि १२५० घनसेंटिमीटर इंजिनाची. असल्या गाडीतून आल्प्सचे घाट ओलांडावेत हे त्यांचे फार दिवसांचे स्वप्न. ऑस्ट्रियातील ग्रोसग्लोक्नर शिखराजवळून जाणारा, ४८ किलोमीटर लांबीचा व ३६ वळणांचा मार्ग १९३५ साली खुला झाला, तो मुख्यतः पर्वतशोभा पाहावयास येणाऱ्या मोटारींसाठीच. वय आणि खर्च यांचा विचार करून स्नेह्यांनी ते स्वप्न आवरते घेतले व अहिल्यानगर जिल्ह्यातच आपले आल्प्स शोधले. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर आणि शेवटी भंडारदरा, असा हा मार्ग आहे.

मार्ग खरोखरच सुंदर आहे. कोल्हार-लोणीच्या बाजूस जो ऊस डुलताना दिसतो त्याला पाणी प्रवरेचे. आणि आपण जसजसे पश्चिमेकडे सरकतो तसतसे त्याच पाण्याच्या उगमाकडे जात असतो. १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, त्यामागे पसरलेला जलाशय, पलीकडे रतनगड आणि उत्तरेस १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हे दृश्य पाहून कोणाचे मन प्रसन्न होणार नाही? स्नेह्यांच्या बेतात मात्र आणखी एक गोष्ट आहे. मेच्या अखेरीस जावयाचे आणि जलाशयाभोवतीच्या रस्त्याने रात्री फेरी मारून काजवे पाहावयाचे. पावसाळ्याच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर तेथे लक्षावधी काजवे चमकतात, हे आता सर्वश्रुत आहे.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. काजव्याची चमक ही आपल्या करमणुकीची रोषणाई नव्हे. ती नर-मादीची परस्परांना दिलेली खूण आहे. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे. तेवढ्या अवधीत ही खूण पोहोचली नाही तर पुढची पिढी नाही. मोटारीच्या दिव्यांच्या झोतात ती बुजून जाते. काजव्यांच्या अळ्या तर जमिनीवरच वाढतात व झाडाखाली जमलेल्या पायांखाली त्यांचा चुराडा होतो. म्हणजे ज्या उजेडात आपण हे सौंदर्य शोधावयास निघतो, त्याच उजेडाने ते नाहीसे होते.

कान्टने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सौंदर्यानंद हा निःस्वार्थ असतो असे प्रतिपादन केले. सुंदर वस्तू आपणांस मिळवावयाची नसते, वापरावयाची नसते. ती नुसती पाहावयाची असते. हे खरे आहे. परंतु ते डोळ्यापुरतेच खरे आहे. डोळा निःस्वार्थ असला तरी त्याला तेथवर नेणारे वाहन निःस्वार्थ नसते. त्याला रस्ता लागतो, जागा लागते, उजेड लागतो. "मी केवळ पाहिले, काही घेतले नाही," असे म्हणणारा मनुष्य एकटा असेपर्यंत निरपराधी असेल. त्याच्यामागे हजार मोटारींची रांग लागली म्हणजे तेच वाक्य खोटे ठरते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उपेक्षणीय नाही. पाहुणे आले म्हणून अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांच्या हाताला काम मिळते. भाकरी-पिठले विकले जाते, तरुणांना वाटाड्याचा रोजगार मिळतो. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या शहरी मनुष्याने निसर्गरक्षणाच्या नावाखाली हा रोजगार बुडवावा काय? मुळीच नाही. परंतु काजवे संपले तर हा रोजगार तरी किती दिवस टिकणार? संयम आणि भाकरी यांचे वैर आपण समजतो तितके नाही. वैर आहे ते संयम आणि घाई यांचे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात अलीकडच्या वर्षांत काजव्यांच्या दिवसांत रात्रीच्या वाहनांवर निर्बंध घातले गेले, तेव्हा पुष्कळांनी कुरकुर केली. परंतु जो ग्रोसग्लोक्नरचा मार्ग मोटारींसाठीच बांधला, तोही रात्री बंदच असतो. आणि त्याने आल्प्सची शोभा पाहणाऱ्यांचे काही बिघडले नाही.

नवल याचे वाटते की, हा संयम आमच्या स्नेह्यांना परका नाही. चढावर इंजिन तापू लागले की ते आपण होऊन थांबतात, पाणी निवू देतात, गाडीच्या शक्तीबाहेर तिला कधी पळवीत नाहीत. पाऊणशे वर्षांहून जुने यंत्र आजही चालते ते अशा जपणुकीनेच. यंत्र आपल्या मालकीचे म्हणून आपण त्याला जपतो. डोंगर कोणा एकाचा नाही म्हणून त्याला जपण्याची जबाबदारीही कोणा एकाची नाही, असे आपण मनोमन धरून चालतो. वास्तविक नीतीचा आरंभ मालकीची हद्द संपते तेथेच होतो. स्वतःच्या वस्तूची काळजी हा केवळ शहाणपणा. जी वस्तू आपली नाही आणि जिच्यावाचून आपले काही अडत नाही, तिची काळजी हे सौजन्य होय.

म्हणून बेत मोडावा असे आम्हांस सुचवावयाचे नाही. त्यात एवढाच बदल व्हावा: मोटार दिवसाउजेडी शेंडीपर्यंत न्यावी व तेथेच ठेवावी, संध्याकाळी गावातील एखाद्या माणसाबरोबर, त्याला त्याचा मोबदला देऊन, बिनदिव्याने आणि मळलेल्या वाटेनेच थोडे अंतर चालावे. काजवे कमी दिसतील, हे कबूल. परंतु अंधारात उभे राहून जे थोडे दिसेल, त्यात आपल्या येण्याने काही उणे झाले नाही एवढी खात्री राहील. आणि सौंदर्य पाहण्याचा अधिकार म्हणून जर काही असेल, तर तो या खात्रीपलीकडे जात नाही.