‘होतोच’मधला ‘च’

थिएटरात पिक्चर सुरू व्हायच्या आधी लागणारी ती गुटख्याची जाहिरात तुम्ही पाहिली असेलच. हॉस्पिटलातला तरुण, वय 24, तोंडाचा कॅन्सर. आणि शेवटी तो गेल्याची बातमी. आमचा कॉलेजातला ग्रुप ती लागली की त्या तरुणाचं नाव मोठ्यानं घ्यायचा, त्याच्या आवाजाची नक्कल करायचा. त्यात मीही होते. त्याचे मीम्स निघाले, ते मी पुढे पाठवले. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आपण ते आधीच फार घेऊन झालंय.

तेव्हा मला वाटायचं, एका मेलेल्या माणसावर हसतो म्हणजे आपण निगरगट्ट आहोत. पुढे मास कम्युनिकेशनला एम. ए. करताना कळलं की त्या हसण्याला संशोधनात जागा आहे. आणि त्याच एम. ए.त मी एक पोस्टर केलं. आजचं लिहिणं त्या पोस्टरबद्दल आहे. खरं तर त्यातल्या एका अक्षराबद्दल.

दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट होता: एक आरोग्यविषय घ्या, मोहीम आखा, प्रत्यक्ष राबवा. मी तंबाखू घेतली आणि गाव निवडलं इचलकरंजी, माझं आजोळ. माझा मामा तिथे यंत्रमागावर रात्रपाळी करतो. पहिल्या कच्च्या पोस्टरवर मी लिहिलं होतं, ‘तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो.’ आमचे सर म्हणाले, “‘होऊ शकतो’ फार मिळमिळीत आहे. सरकारी वाटतं. लोक थांबले पाहिजेत.” मी ‘होऊ शकतो’ खोडून ‘होतोच’ केलं. खाली इंटरनेटवर सापडलेला सगळ्यात भयानक फोटो लावला. मामाच्या कारखान्याच्या गल्लीत, चहाच्या टपऱ्यांवर ती पोस्टरं लागली. आम्हाला मार्क चांगले पडले.

तंबाखू हे तोंडाच्या कॅन्सरचं आपल्याकडचं फार मोठं कारण आहे, यात वाद नाही. पण तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला तो होतोच असं नाही, हे मला लिहितानाही माहीत होतं. तरी आपण खोटं लिहितोय असं वाटलं नाही. भल्यासाठीच तर होतं.

पुढच्या दिवाळीला आजोळी गेले, तर मामानं मिसळ बाजूला सारली. मामी म्हणाली, तिखट लागलं की तोंड झोंबतं म्हणतात. मी मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. खालच्या ओठाच्या आत, जिथे तो तंबाखूची चिमूट धरतो बरोबर तिथेच, पांढरा चट्टा होता. त्याला तो आठ महिन्यांपूर्वीच दिसला होता. मधल्या काळात गल्लीत दोनदा तपासणी शिबिर झालं. तो गेला नव्हता.

“मामा, दाखवलं का नाहीस?” मी जवळजवळ ओरडलेच.

“दावून काय उपेग?” तो शांतपणे म्हणाला. “हुतोयच म्हणून तूच लिवलंयस न्हवं?”

मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही. तो अडाणीपणानं बोलत नव्हता. माझ्या वाक्यातून निघणारा सरळ निष्कर्ष त्यानं काढला होता. होतोच म्हटल्यावर चट्टा म्हणजे कॅन्सर, आणि कॅन्सर म्हणजे मरण. मग डॉक्टरकडे जाऊन ते आठ महिने आधी कशाला ऐकायचं? मला त्या ‘च’नं त्याला थांबवायचं होतं. तो थांबला, पण तंबाखूपाशी नाही, दवाखान्याच्या दारापाशी.

पुण्याला परत आल्यावर परीक्षेपुरते वाचलेले अभ्यास मी पुन्हा काढले. 1953 साली जॅनिस आणि फेशबॅक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेवर तीन प्रकारची व्याख्यानं ऐकवली: सौम्य, मध्यम आणि किडक्या हिरड्यांच्या चित्रांनी भरलेलं भयंकर. सगळ्यात जास्त घाबरली ती तिसऱ्या गटातली मुलं. सांगितलेलं सगळ्यात जास्त ऐकलं ते सौम्य गटातल्या मुलांनी.

1965 मध्ये लेव्हेन्थाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वातावरची पत्रकं वाचायला दिली. काही पत्रकं अंगावर काटा आणणारी, काही साधी. काही विद्यार्थ्यांना त्यासोबत विद्यापीठाचा नकाशाही दिला. त्यात आरोग्य केंद्र कुठे आहे ते दाखवलं होतं आणि ‘तुझ्या आठवड्यात लस घ्यायला कधी वेळ आहे ते बघ’ असं सुचवलं होतं. नकाशा मिळालेल्यांपैकी सुमारे 28 टक्के मुलांनी लस घेतली, न मिळालेल्यांपैकी सुमारे 3 टक्के. आता, शेवटच्या वर्षाच्या मुलांना आरोग्य केंद्र ठाऊक नसेल का? नकाशानं माहिती दिली नाही. त्यानं भीतीला एक वाट दिली. (मुलं थोडी होती, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत.)

1992 मध्ये किम विट या संशोधिकेनं याला एक नीट चौकट दिली. धोक्याचा संदेश ऐकणारा माणूस दोन प्रश्न विचारतो: हे माझ्यावर येणार का, आणि आलं तर माझ्या हातात काही आहे का? दुसऱ्याचं उत्तर ‘आहे’ असेल, तर तो धोक्याशी लढतो. ‘नाही’ असेल, तर तो फक्त भीतीशी लढतो. नाकारतो, विषय बदलतो, हसतो. आमचं थिएटरातलं हसणं कदाचित हेच होतं, आणि मामाचं आठ महिने ओठ मिटून बसणंही.

इथे थांबले असते तर हा निबंध सोपा झाला असता: भीती चालत नाही, म्हणून वापरू नका. पण ते खरं नाही. नंतरच्या काळातले पुष्कळ अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तर भीतीचा बऱ्याचदा परिणाम होतो असंच दिसतं, विशेषतः सोबत उपाय सांगितला तर. म्हणजे माझ्या त्या ‘च’मुळे गल्लीतल्या कुणा पोरानं पुडी फेकूनही दिली असेल. मग प्रश्न उरतो तो नैतिक: उपयोगी पडतं म्हणून ते योग्य ठरतं का?

हा प्रश्न जनसंपर्काच्या अभ्यासाला जन्मापासून चिकटलेला आहे, कारण हे हत्यार दोन्ही बाजूंच्या हातात सारखंच बसतं. 1929 साली न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत एडवर्ड बर्नेझनं तरुण मुलींना सिगारेटी ओढत चालायला लावलं आणि त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटलं. बायकांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं हे बंड आहे असं वर्तमानपत्रांना वाटलं. मागे पैसा होता तंबाखू कंपनीचा. पुढे सिगारेटचा कॅन्सरशी संबंध दिसू लागला, तेव्हा कंपन्यांनी एका जनसंपर्क संस्थेच्या सल्ल्यानं जानेवारी 1954 मध्ये 400 हून अधिक वर्तमानपत्रांत एक निवेदन छापलं. त्यात कुणालाही घाबरवलं नव्हतं. उलट धीर दिला होता: अजून काही सिद्ध झालेलं नाही, तुमचं आरोग्य आम्हाला महत्त्वाचं आहे, आम्ही संशोधन करू.

त्यांनी ‘होतो’चं ‘कुणास ठाऊक’ केलं. मी ‘होऊ शकतो’चं ‘होतोच’ केलं. त्यांचा हेतू नफा होता, माझा हेतू मामा. हा फरक लहान नाही, आणि मी स्वतःला त्यांच्या रांगेत बसवत नाहीये. पण एक गोष्ट आम्ही दोघांनी सारखीच केली. समोरच्यानं काय करायला हवं ते आधी ठरवलं, आणि मग तेवढ्यापुरतं सत्य कापून त्याच्या हातात दिलं.

सिसेला बोक या तत्त्वचिंतक बाईंनी 1978 मध्ये खोटं बोलण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांची एक कसोटी मला पटते: तुमच्या खोट्याचं समर्थन तुम्हाला चारचौघांत, ज्यांना त्याची झळ बसणार आहे अशांसमोर करता येईल का? मी मनातल्या मनात करून बघितलं. ‘मामा, खरं सांगितलं असतं तर तुला त्याचं वजन कळलं नसतं, म्हणून मी ते वाढवून सांगितलं.’ हे वाक्य मला त्याच्या तोंडावर उच्चारता येईना. कारण त्याचा अर्थ, तू माझ्याइतका शहाणा नाहीस. मला स्वतःला साधी गोळी लिहून दिली तरी मी तिचे दुष्परिणाम गूगल करते, किती टक्के लोकांना होतात ते शोधते. मला टक्के हवेत आणि मामाला ‘च’ पुरे, हे मी कधी आणि कशावरून ठरवलं?

ग्रुनिग आणि हंट यांनी 1984 मध्ये जनसंपर्काचे चार प्रकार सांगितले. नुसत्या गाजावाजापासून ते सुरू होतात आणि चौथ्यात बोलणारा स्वतःही बदलायला तयार असतो. परीक्षेत मी हा चौथा प्रकार आदर्श म्हणून लिहिला होता. पण अख्ख्या प्रोजेक्टमध्ये मी मामाला एकदाही विचारलं नव्हतं की तू तंबाखू का खातोस. दिवाळीनंतर विचारलं. तो म्हणाला, रात्री तीनला डोळा लागला तर धागा तुटतो, कापडात दोष येतो, पैसे कापतात. तंबाखू धरली की जाग राहते. माझ्या पोस्टरवर रात्रीचे तीन कुठेच नव्हते.

1 सप्टेंबर 2018 पासून आपल्याकडच्या तंबाखूच्या पुड्यांवर भीषण चित्रासोबत एक नंबरही छापतात: 1800-11-2356. सोडायला मदत हवी असेल तर फोन करा. तेवढ्याशा जागेत तो नंबर मला त्या चित्राहून जास्त माणुसकीचा वाटतो. भीती घालणं मुळातच अनैतिक आहे असं मी म्हणत नाही. धोका खरा असेल तर भीती वाटायलाच हवी. पण ती धोक्याच्या मापाची हवी, आणि तिला दार हवं. दार न ठेवता भीती घालणं म्हणजे माणसाला कोंडणं. मग हेतू कितीही चांगला असो.

मामाला मी दवाखान्यात घेऊन गेले. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता. पण तो होऊ शकतो, तंबाखू सोडा, दर काही महिन्यांनी दाखवत राहा, असं डॉक्टर म्हणाले. त्याची तंबाखू कमी झालीय, सुटलेली नाही.

परतताना बसमध्ये मी त्याला ‘च’ची गोष्ट सांगितली. सरांवर ढकलली नाही. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे हुतोयच असं न्हाई?”

“नाही. होऊ शकतो.”

“शकतो म्हंजे किती?”

माझ्याकडे त्याच्यासाठी एक तयार आकडा नव्हता. मग तो किती वर्षं खातोय, दिवसाला किती वेळा, रात्री किती, रात्रपाळी बदलून मिळेल का, असं आम्ही एकेक काढत बसलो. हातकणंगले मागे पडलं तरी बोलणं चालूच होतं.